दहिवर आहे तोवर

उन्हाआधी उपटायचा मसूर.
दहिवर आहे तोवर शेंगा गप्प असतात,
ऊन चढलं की तडकतात
आणि वर्षाचं धान्य मातीत परत.
म्हणून अत्सेदे अंधारातच वाकते.
मुठीत वीतभर झाडं,
मुळांना काळी ढेकळं.
पलीकडच्या रानात वर्कनेह खोकतो.
ती खोकला ओळखते, मान वर करत नाही.
दोन पावसाळे झाले, बोलणं नाही.
बांधाचा दगड कुणी सरकवला
हे दगडालाच ठाऊक.

पण हिच्याकडे बैल एकच.
मळणीच्या सकाळी त्याचा तांबडा बैल
हिच्या खळ्याशी उभा,
दावं बाभळीला, बांधणारा गायब.
परत हाकलायचा म्हणजे
भांडण आता बैलाशीही.

संध्याकाळी जेवायला बोलवावंच लागलं.

नाताळाआधीचा लांबलचक उपास.
लोणी नाही, मांस नाही, अंडंसुद्धा नाही,
मसूर तेवढा आहे.
कांदा आधी कोरडाच परतायचा,
तेलाची घाई करायची नाही.
मग तेल. मग बेर्बेरे, मूठभर,
आणि धुरातून आईचा आवाज: अजून थोडं.
मसूर फुटतो, आकार सोडतो,
लाल होऊन पुटपुटत राहतो
झाकणाखाली, एकटाच.

आंबट इंजेरावर मधोमध ओतला.
एकाच ताटाभोवती तिघं:
ती, तो, आणि सात वर्षांची झेनेबेच,
जिला दगडाची सगळी गोष्ट माहीत आहे.

पहिल्याच घासाला
त्याच्या दाताखाली कट्.

तीनदा निवडला होता अत्सेदेनं,
सूप दाराच्या उजेडात धरून, तीनदा.

त्यानं खडा जिभेनं पुढे आणला,
ताटाच्या कडेला ठेवला,
पाहत बसला.
"हा तुझ्या हद्दीतला," म्हणाला.

झेनेबेच आधी हसली.
अत्सेदेनं नेतेलाचा पदर तोंडाशी धरला,
खोकला आल्यासारखं केलं,
खोकला काही जमला नाही.

मग तिनं इंजेराचा तुकडा तोडला,
मसुरात दाबला, वळला,
पुन्हा थोडा मसूर घेतला,
आणि त्याच्या तोंडाशी नेला.
पाहुण्याला घास असाच भरवतात इथे,
मोठा.
हा जरा जास्तच मोठा होता,
दगडाबद्दल आणखी काही
बोलताच येऊ नये इतका.

तो चावत राहिला, डोळ्यांत पाणी,
बेर्बेरेचं असेल.

बाहेर त्याचं अर्धं रान अजून उभं आहे.
दहिवर पडायला लागलंय.