अर्धं युनिट

परदेशीपुऱ्यात राहून
मी परदेशातल्या लोकांचे पूर्वज शोधतो.
गल्लीतले हसतात. हसू देत.

जर्मन मला मिलच्या रंगखात्यात आली,
निळ्या रंगाच्या डब्यांवरचे कागद वाचता वाचता:
किती ग्रॅम, किती अंश, डोळे सांभाळा.
मिल बंद पडली, भाषा राहिली
नखांच्या कडेला.
त्यांची जुनी लिपी म्हणजे मोडीची मावसबहीण.
लेखणी उचलायची नाही
आणि वाचणाऱ्याची गय करायची नाही.
मोडी वडिलांनी शिकवली होती, पट्टी घेऊन.

पेन्सिल्व्हेनियातून रूथ कीब्लर विचारते,
आमच्यातला पहिला कोण उतरला इथे?

सापडला.
सतराशे एकोणपन्नास, रॉटरडॅमहून निघालेलं जहाज,
हान्स मिखाएल क्यूब्लर, धंदा पिंपं करण्याचा.
सही येत नव्हती, फुली मारली आहे,
तीही तिरकी, जहाज अजून हलत असल्यासारखी.
उतरल्यावर कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं.
नावावरचे दोन ठिपके समुद्रात गेले.

मी तिला कळवलं, होतं असं.
आमचा ळ नर्मदेत बुडाला.
घोडीवर बसून इंदूरला आला तो धुमाळ,
आधार कार्डावर आहे तो धुमाल,
आणि तुम्ही लिहिता तो मिस्टर डूमल,
त्याला मी अजून भेटलेलो नाही.

मग तिने विचारलं, आणि त्याची बायको?

यादी पुन्हा उघडली.
सोळा वर्षांवरचे पुरुष तेवढे नावानिशी.
बाकीच्यांचं फक्त भाडं.
क्यूब्लर: भाडी साडेतीन.
म्हणजे तो, ती,
आणि तीन पोरं, प्रत्येकी अर्धं.

त्या रात्री घरचं दप्तर उगाच सोडलं.
पागेची हजेरी. रायाजी धुमाळ.
घोडी कुमाईत, कपाळी चांदणी,
डाव्या कानाला चीर, मागचा एक पाय पांढरा.
सोबत कबिला.
एवढंच. सोबत कबिला.
तिच्या कपाळावर काय होतं
ते कुणी वाकून पाहिलं नाही.

क्यूब्लरच्या गावच्या चर्चची वही मिळाली.
बाप्तिस्मे दोन, मुलगा आणि मुलगी,
आईच्या जागी: त्याची पत्नी.
तिसऱ्याच्या पानाला ओल लागलेली.
तिकडे, नव्या मुलखात, पुढच्या सगळ्या कागदांत
पोरं दोनच.

दप्तराच्या तळाशी आमचं रेशन कार्ड निघालं.
सन सहासष्ट. वडील, आई, मी,
शेवटच्या ओळीत बेबी, अर्धं युनिट.
नाव शाळेत घालताना ठरवायचं होतं, जूनमध्ये.
ती एप्रिलमध्ये गेली.
वडिलांनी कार्ड नेलं नाही कमी करायला.
आई काही बोलली नाही.
तिच्या वाटची साखर आम्ही खाल्ली,
दोन दिवाळ्या.
मला आठवतं, करंज्या जरा जास्तच गोड होत्या,
की हे मी आता म्हणतोय?
मग कुणी इन्स्पेक्टर आला
आणि तिच्यावर लाल शाईची रेघ मारून गेला.
सरळ रेघ. पट्टी लावलेली.
दुसऱ्या कुठल्याच कागदावर
माझ्या बहिणीचा पुरावा नाही.

रूथने बिल मागवलं.
तपशिलात एक रकाना असतो, शोधलेली माणसं.
साडेतीन लिहायला हात गेला होता.
मी पाच लिहिलं.

तिचं उत्तर आलं, मिस्टर डूमल,
कागद तर तिघांचेच पोचले.

बरोबर आहे, मी लिहिलं.
बाकी दोघांचे पैसे लावलेले नाहीत.