एकेचाळीस

त्या साली गोलाला जाळी नव्हती.
दोन बांबू, वर सुंभाची दोरी,
पाठीमागं म्हशींचा पाणवठा.
गोल झाला की चेंडू आणायला
मीच जायचो. गोलकीपर म्हणून
माझं खरं काम तेवढंच.

त्रेपन्न साल. नऊ सामने.
पहिलाच आठ-शून्य, तालमीच्या पोरांकडून.
त्यांच्यातल्या निम्म्यांना सही येत नव्हती,
पण चेंडू पायाला चिकटायचा
काकवी लागल्यासारखा.
"कालेजवाल्यांनो, पुस्तक उघडा की रं!"
बांधावरून कुणीतरी ओरडलं,
आणि हंगामभर ती ओळ
आमच्या आधी मैदानात पोचत राहिली.

शर्ट जांभळे. शनिवार पेठेत रंगवलेले.
दुसऱ्या सामन्यात घामानं रंग सुटला,
नेमगोंडाच्या छातीवर आठवडाभर
डाग बघून त्याची आई रडली,
तिला वाटलं, मार लागलाय.
तोही लागला होताच.

टेंगशे सर गणिताचे.
क्रीडाशिक्षक रजेवर, म्हणून आम्ही त्यांच्या गळ्यात.
फळ्यावर खडूनं बाण काढायचे:
दौलतकडून बाबालालकडे, बाबालालकडून गोलात.
फळ्यावर आम्ही कधीच हरलो नाही.

पाचव्या सामन्यानंतर बाबालाल यायचा थांबला.
गुऱ्हाळ सुरू झालंय म्हणाला.
गुऱ्हाळ दिवाळीनंतर असतं
हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं;
कुणी बोललं नाही.

चेंडू एकच. दर सोमवारी
भैरू मोच्याच्या टपरीत न्यायचो.
टाका घालता घालता, मान वर न करता,
"किती?" एवढंच विचारायचा.
मी बोटं दाखवायचो.
तो बघायचा नाही,
पण दोन्ही हात वर झाले की
टाका जरा सावकाश ओढायचा.

नववा सामना. मध्यंतरापर्यंत चार.
चेंडू सरांच्या मांडीवर होता,
ते धोतराच्या सोग्यानं चिखल पुसत होते,
लहान पोराचं नाक पुसावं तसा.
मग खेळ सुरू झाला, आणि दहाव्या मिनिटाला
घोळक्यात दौलतच्या छातीखाली
चेंडूनं एक लांब श्वास सोडला.
पंचांनी दाबून पाहिला.
दुसरा ब्लॅडर गावात नव्हता.
पेन्सिलीनं लिहिलं: सामना अपूर्ण.

त्या संध्याकाळी मिसळ खाल्ली आम्ही,
जिंकल्यासारखी, कट पुन्हा पुन्हा मागून.
बिल सरांनी दिलं.

सोमवारी भैरूनं दोऱ्या सोडल्या,
आत हात घातला,
माझ्या तळव्यावर बाभळीचा काटा ठेवला.
"मैदानातला काटा तिरका शिरतो, बाळ.
ह्यो दोरीच्या भोकातनं सरळ गेलाय."
दोन आणे पुढं केले, त्यानं घेतले नाहीत.

खूप वर्षांनी सरांना भेटायला गेलो.
डोळ्यांत मोतीबिंदू, हातात अडकित्ता.
गप्पा त्या हंगामावर आल्याच.
"एकूण किती झाले रे आपल्यावर?"
एकेचाळीस, सर.
अडकित्ता थांबला.
"सदतीस," ते म्हणाले. "नववा अपूर्ण होता.
त्यातले चार धरायचे नाहीत."

मी मान हलवली.
गणित त्यांचं होतं.
म्हशींकडे मात्र मी
एकेचाळीस वेळा गेलो होतो.