उजवीकडून

त्या हिवाळ्यात कुताइसीत वीज नव्हती, गॅसही नव्हता.
लोकांनी आधी खुर्च्या जाळल्या, मग जमिनीचं लाकूड,
आणि मग एकमेकांची कुंपणं.

गुरांदाबाईंच्या कुंपणाला रस्त्याच्या बाजूने आठ फळ्या.
एका दुपारी त्यांनी निळ्या रंगाने प्रत्येकीवर एकेक अंक काढला:
७ ३ ९ ३ ९ १ ३ ३
आणि खाली बारीक अक्षरात:
न्यायचीच असेल तर उजवीकडून न्या.

सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
वर्गात आम्ही कोट घालूनच बसायचो,
बोलताना तोंडातून वाफ निघायची.
हिचे तुकडे पडत नाहीत, बाई म्हणाल्या,
एक आणि ती स्वतः, तिसरं कुणी तिला भागत नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तीन गेला होता.
त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा.
करा, म्हणाल्या, भागून बघा.
भाग जाईना.

चोर कोण ते कळलं नाही.
पण तो सांगितल्यासारखा उजवीकडूनच नेत होता,
आणि जे उरे ते दर वेळी अभंग.
सातशे एकोणचाळीस मी एकटीने तपासली:
सातने बाकी चार, अकराने दोन,
तेराने अकरा, सतराने आठ,
एकोणीसने सतरा,
तेवीसने तीन. पुढे जायची गरज नाही.
बोटं सुन्न झाली होती, तरी मला हसू आलं.

त्याआधी, आठही जागेवर होत्या तेव्हा,
शेजारच्या बोंदोने नववी फळी देऊ केली होती,
शवपेट्यांच्या दुकानातली, ताजी, पाइनची.
बाई म्हणाल्या, हिला नववी सोसत नाही.
कुठलाही अंक लावा, फुटते.
सम अंक, पाच, ही तर उघडच;
एक आणि सात लावले तर तीनने भाग जातो.
तीन आणि नऊसाठी
बाईंच्या दोन मेणबत्त्या संपल्या.

फेब्रुवारीत ख्वीचाला ताप आला.
माझा धाकटा भाऊ. शेगडी रिकामी.
बाबा बाहेर गेले, आणि कोटाखाली काहीतरी घेऊन आले.
आई बोलली नाही. मीही नाही.
आग धरली तेव्हा दिसलं,
निळा रंग फुगतोय, पापुद्रे सुटताहेत,
सातची आडवी रेघ आधी गेली,
मग तिरकी.

सकाळी बाईंच्या अंगणात कुंपण नव्हतं,
नुसती भोकं, त्यांत बर्फ.
आधीच्या सात फळ्या कुणाकुणाच्या शेगडीत गेल्या
ते मी कधी विचारलं नाही.

वर्गात बाईंनी फळ्यावर सात लिहिला.
खडू माझ्या हातात दिला.
ताप उतरला का गं, एवढंच विचारलं.
मी हो म्हणाले.

मग आम्ही सात पुसला
आणि अपूर्णांक सुरू केले.