पॅकिंगचं गवत

व्हिसाच्या अर्जात मी धंदा लिहिला : तंत्रज्ञ.
उद्यमनगरात मी नुसता साचेवाला.
आमच्या भट्टीतली चाकं
ऑस्ट्रियात एका रोपवेवर फिरतात,
तेवढ्यापायी ते गाव मला तीनदा दिसलं.

पहिल्यांदा गेलो जानेवारीत,
एका चाकाला तडा गेला म्हणून.
उणे वीस, असं कोणीतरी सांगितलं.
आकड्यानं काय कळतंय?
हातमोजा काढून चाकाला बोट लावलं
आणि लोखंडानं बोट धरलं.
जन्मभर ज्याला तांबडं, पातळ, उसळतं बघितलं
ते असं मुक्यानं कातडीला चिकटलेलं.
आलोइसनं थर्मासातला चहा ओतून बोट सोडवलं.
हसला नाही.
तेव्हापासून तो माझा दोस्त.

परत आल्यावर दस्तगीर मिस्त्रीला सांगितलं.
तो वाळू चाळत होता. म्हणाला,
"गार पडला की रस बी माणसागत वागतोय."

मग एकदा ऑक्टोबर.
देवदाराच्या जातीचं कसलंसं झाड,
त्याच्या सुया पिवळ्या होऊन गळतात.
डोंगरच्या डोंगर पिवळा,
पट्टणकोडोलीला भंडारा उधळल्यावर
माणसं, मेंढरं, देवळाची पायरी, सगळं एक होतं तसा.
आणि खरंच मेंढरं उतरत होती वरून,
पुढच्या मेंढ्याच्या कपाळावर फुलांचा मुकुट,
मागून काठी टेकत एक म्हातारा धनगर.
त्यांचा शब्द दुसरा असेल. मला हाच आला तोंडात.
कमी होता तो ढोल.
मी खिशात हात घातला. भंडारा कुठला असायला,
बोर्डिंग पासचा तुकडा.

जुलैत रात्री दहापर्यंत उजेड.
उतारावर गवत कापायला आलोइसची आई, नोटबुर्गा,
वय ऐंशी, दात सगळे स्वतःचे.
मी म्हटलं, दे, मी कापतो. खुणेनंच.
लांब दांड्याचं ते पातं पहिल्या फटक्यात मातीत रुतलं.
दुसऱ्याला थोडं गवत पडलं.
तिनं माझी कंबर दोन्ही हातांनी धरून फिरवली,
साच्यात गाभा बसवताना मी फिरवतो तशी,
आणि काहीतरी बोलली.
आलोइसनं त्याचा अर्थ सांगायचं टाळलं.

वसंत राहिला.
मे महिन्यात रोपवे बंद ठेवतात,
तेव्हाच चाकं उतरवतात,
आणि म्हणे बर्फाच्या कडेनं निळी फुलं
बर्फ वितळायचीही वाट न बघता वर येतात.
त्या मेला माझा गुडघा गेला.
मालकांचा मुलगा गेला.
त्यानं फोटो आणले : मधोमध तो,
डोंगर मागं, जरा अंग चोरून.

दीड महिन्यानं खोकं आलं,
झिजलेली चाकं, तपासणीसाठी.
पहारीनं फळी उचकटली तर आत
भुसा नाही, थर्माकोल नाही.
गवत.
वास आला आणि मी तिथंच खाली बसलो, गुडघ्यासकट.
वसंत नव्हताच त्यात.
मागच्या जुलैचं होतं ते,
कुठंतरी तळाशी माझाही एक फटका असेल.
चाकं मोजली. वहीत लिहिलं :
झीज, पावणेदोन मिलिमीटर.

गवत पोत्यात भरून दस्तगीरच्या स्कूटरवर
गंगावेशीत नेलं, दूधकट्ट्यावर.
आप्पासो म्हणाला, "ह्ये कुठलं?"
म्हटलं, लांबचं.
म्हशीनं हुंगलं. नाकातून वारा सोडला.
एकदा माझ्याकडं बघितलं, मालकाकडं बघावं तसं नाही,
आणि खाल्लं. वाळक्या फुलांसकट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत गेलो.
तिथंच काढलेली धार, फेसाचा ग्लास, कोमट.
दस्तगीर माझ्या तोंडाकडं बघत होता.
"कसं लागतंय?"
मी मिशीवरचा फेस पुसला.
"दुधासारखं," म्हटलं,
आणि आणखी एक सांगितला.