छाट

अम्मा दिवसाला हजार विड्या वळायची.
पान भिजवून, कात्रीनं कापून, मांडीवर सूप घेऊन,
मधूनच माझ्या पाठीत धपाटा घालून.
कारखान्यात चेकर एकेक कट्टा चाचपायचा.
ही सैल, ही वाकडी, हिचं तोंड नीट मुडपलं नाही.
छाट, म्हणायचा, आणि शंभरेक बाजूला सारायचा.
छाटीचे पैसे नाहीत.
छाट परतही नाही.

मी अशोक चौकात, झेरॉक्सच्या वरच्या खोलीत
अभिप्राय वळते.
एकाला सहा रुपये, फोटो जोडला तर नऊ.
'चादर मऊ आहे, रंग जात नाही, सासूबाईंना फार आवडली.'
ती चादर मी बघितलेलीही नसते.
कधी मी नाशिकची निवृत्त बाई,
कधी हुबळीचा नवरदेव.
मालक म्हणतो, सगळंच गोड लिहू नको, लोकांना शंका येते.
म्हणून वरणात मीठ टाकावं तशी टाकते एक तक्रार:
'खोका जरा चेपलेला होता.'

मागच्या गुरुवारी काम आलं,
वीस अभिप्राय, एकेक ताऱ्याचे.
शेंगाचटणी.
पाकिटावर नाव: रत्नव्वा बिराजदार.

बाळीवेशीतली रत्नव्वा.
तिच्या उखळाचा दणका गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा.
अम्माचा हप्ता अडकला की पुडी बांधून द्यायची
आणि वहीत लिहायची नाही.
कडक भाकरी, वर ती चटणी,
दही असलं तर असलं.

एकोणीस वेळा लिहिलं: खवट. जुनाट. पैसे वाया.
हो, लिहिलं. महिनाअखेर होती.
विसावं पहिल्यांदाच माझ्या नावानं:
भूदेवी येमूल, सोलापूर. पाच तारे.
'तिखट आहे. लसूण जास्त. मी हिच्यावर वाढले.'

सकाळी बघितलं.
एकोणीस जागच्या जागी.
माझं तेवढं काढून टाकलेलं.
'हा अभिप्राय खरा वाटत नाही.'

छाट.

अम्माला सांगितलं. हसेल वाटलं होतं.
ती म्हणाली, चेकर कोण आहे? नाव काय त्याचं?
त्याला नाव नसतं, अम्मा.
मग भांडायचं कुणाशी?

मोबाईल मागून घेतला तिनं,
डोळ्यांजवळ नेला,
आणि त्या एकुलत्या ताऱ्यावर अंगठा दाबून बघितला,
विडी सैल आहे का
बघतात तसा.