खरवड

बिअर गाळून झाली की तळाशी जे उरतं
ते टँकरमधून आमच्याकडे यायचं :
मळकट, फेसाळ, अजून जिवंत.
आम्ही त्याला ऊब द्यायचो, आणि मीठ.
मीठ लागलं की पेशीचा धीर सुटतो.
ती आतून फुटते
आणि तिचेच रस तिलाच पचवू लागतात.
कुणी मारत नाही. आम्ही फक्त तापमान बघायचो.
मग सालपटं वेगळी काढायची,
उरलेलं आटवायचं, अजून आटवायचं,
डांबराइतकं काळं, डांबराइतकं हट्टी होईपर्यंत.

एकोणीस वर्षं रात्रपाळीला मी हे बघितलं
आणि एकदाही तोंडात घातलं नाही.
वास केसांत असायचा. उशीला असायचा.
धाकटा शाळेतून आला की टोस्ट पुढे करायचा
आणि मी श्वास रोखून
लोण्यावरून काळ्याचा हात फिरवायचे,
इतका पातळ की खालचं लोणी दिसावं.
"जाड झालं," तो म्हणायचा. नेहमीच.

फेब्रुवारीत क्राइस्टचर्च हललं.
आमच्या रस्त्याच्या भेगांतून राखाडी गाळ वर आला,
गुडघाभर, गुळगुळीत,
आम्ही तो फावड्याने ढकलगाड्यांत भरला.
कारखाना उभा होता. सगळे म्हणाले, नशीब.
कूलिंग टॉवर आतून खचलाय
हे कळायला नोव्हेंबर उजाडला.
फाटकाला कुलूप.
मार्चपर्यंत दुकानांत मार्माइटची फळी रिकामी,
किंमतीची चिठ्ठी तेवढी जागेवर.

कुणी संपलेल्या बरणीत गरम पाणी हलवून पिऊ लागलं.
समोरची जनीन मुलांना टोस्टचा एकच कोपरा काळा करून द्यायची,
तोही रविवारी.

शेजारचा ऑब्री टिपिंग, ऐंशीच्या पुढचा,
पडलेल्या चिमणीच्या विटा अजून अंगणात रचून ठेवलेला,
एका सकाळी कुंपणाशी आला.
"नोएलीन, तू तर तिथलीच. एखादी असेल ना?
फार नको. सुरीच्या टोकावर."

गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे
नमुन्याची एक बरणी होती, बिनलेबलची,
झाकणावर माझ्याच अक्षरात पाळीची तारीख.
मी म्हटलं, "नाही हो, ऑब्री."
का म्हटलं, ते अजून मला सांगता येत नाही.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी तर तोवर खाल्लंही नव्हतं.

त्या रात्री पुन्हा हादरा. कपाटात कप किणकिणले.
मी गॅरेजमध्ये अनवाणी उभी,
झाकण उघडलं
आणि टाक्यांची खोली आली :
वाफेचे पाइप, थरथरणारे काटे,
ओल्या गमबुटांनी चालणारा तामाती,
त्याच्या रेडिओवर कुठल्यातरी हरलेल्या मॅचची चर्चा.
पाव नाही, लोणी नाही. बोटानेच.
खारट. मग कडू. मग मांसासारखं काहीतरी,
ज्यात मांस कधीच नव्हतं.
डोळ्यांत पाणी आलं ते मिठाने, असं धरून चालू.

रोज रात्री थोडं. मे महिन्यापर्यंत पुरलं.
शेवटी सुरीने खरवडलं, खांद्याखालचा वळसासुद्धा,
काचेवर सुरीचा तो आवाज
कुंपणापलीकडे जात असेल का
याचा विचार करत करत.

पुढच्या वर्षी टाक्या पुन्हा तापल्या.
पहिल्याच आठवड्यात मी दोन बरण्या घेऊन ऑब्रीकडे गेले.
त्याने टोस्ट भाजले,
माझ्यासाठीही एक, न विचारता,
आणि बशी पुढे सरकवत म्हणाला,
"तुला सवय नाही. पातळच लावलंय."

मी खाल्लं.
खालचं लोणी दिसत होतं.