रंगखात्यातला माणूस

बाई, तो गुलाबी नाही.
लाल होता.
तुमच्या पुस्तकात छापलंय, ‘परळ मंडळाचा विषण्ण गुलाबी’.
छान लिहिलंय.
पण तो काँगो रेड, सहा नंबरच्या टाकीतला,
त्याला उन्हाची सवय नव्हती.

मी रंगखात्यात होतो, तिसरी पाळी.
टाक्यांचे नंबर अजून पाठ आहेत.
थुंकी निळी पडली की सोमवार,
पिवळी पडली की पगार जवळ आला.

शालोम आवसकर, मोकल आणि धुरूंची त्रिवेणी
सुपारीबागेत एका माळ्यावर बसायचे.
खाली पिठाची गिरणी,
म्हणून प्रत्येक चित्रात थोडी बाजरी आहे,
तपासून घ्या.
विलायती ट्यूबला परवाना लागायचा,
परवान्याला अर्ज, अर्जाच्या तीन प्रती,
आणि तिन्हींवर एकच रकाना:
सदर मालाचा राष्ट्रीय उत्पादनाशी संबंध काय?
आवसकर निळ्यापुढे लिहायचा, आकाश.
अर्ज परत.

मग मी डब्यातून न्यायला लागलो.
आमटीच्या वाटीत नीळ, भाकरीखाली क्रोम.
जमादार खिसे चाचपायचा,
गरिबाचा डबा उघडायची त्याला लाज वाटायची.
चोरी म्हणायची तर म्हणा.
सरस, खडू, जवसाचं तेल,
आणि कापडही आमचंच, फेंट, डागी माल,
किलोवर मिळायचा.
तुम्ही ज्याला पोत म्हणता ना,
ती मागावर तुटलेली तार आहे.
विणकराला त्यासाठी दंड झाला होता.

एका साली सरकारचं काम आलं.
कामगार विम्याचा दवाखाना, बत्तीस फूट भिंत,
विषय टाइप करून: ‘प्रगतिपथावरील श्रमिक’.
साहेब स्वतः आले. खादीचा कोट, भला माणूस.
कच्चं चित्र पाहून म्हणाले,
सगळं ठीक आहे, फक्त यांना जरा हसवा.

रात्रभर हसवून पाहिलं एकेकाला.
दात येत होते,
हसू येत नव्हतं.
मोकल म्हणाला, आपण पैसे परत करू.
पैसे कुठे होते?
पहाटे त्रिवेणी ब्रश धूत म्हणाली,
मग वळवा ना त्यांना.

बत्तीस फूट पाठी.
साहेब पुन्हा आले, बराच वेळ उभे राहिले.
‘हसताहेत ना?’
‘पलीकडे,’ त्रिवेणी म्हणाली.
अर्धं बिल मंजूर झालं.
उरलेलं अजून सचिवालयात असेल.

तेव्हापासून तिघंही पाठीच काढत राहिले.
तुम्ही त्याला नकार म्हणता. असेल.
ते समाजवादावर भांडायचे तेव्हा
मला निम्मं कळायचं,
आणि चहा सांगायला मीच उतरायचो.

एक्स-रेचं मशीन आलं तेव्हा ती भिंत पडली.
हा एक फेंट राहिला, सरावाचा,
तुमच्या काळ्या घोड्याच्या गार दालनात, काचेमागे.
साल विचारायला मला बोलावलंत.
डाव्या खांद्याखाली तो डाग पाहा.
रंग सांडलेला नाही.
कॉस्टिकचं पिंप कलंडलं होतं, अठ्ठावन साल,
चित्र त्यानंतरचं.

हात दिसतात माणसाला, पाय दिसतात, पोट तर दिसतंच,
पाठ मात्र दुसऱ्यानेच पाहायची.
मंडळी तेल लावताना म्हणायची,
केवढा हो डाग, पिंपळपानाएवढा.
मी म्हणायचो, असेल.
चेष्टा वाटायची मला.

देठसुद्धा आहे त्याला.

खाली पाटीवर लिहिलंय, ‘मॉडेल अज्ञात’.
राहू द्या ते.
तेवढं लाल लिहा.